क्रूझच्या सकाळचं स्वस्त विमान: आमचं काय झालं, आणि तुम्ही काय करता?

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. गोव्यातून मुंबईला, कोचीला नाहीतर थेट सिंगापूरला जाऊन क्रूझ पकडणारी बरीच कुटुंबं आता ओळखीत दिसतात. म्हणून आमच्यावर जे ओढवलं ते सविस्तर लिहितेय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. बाबांची लक्षद्वीप बघायची फार वर्षांची इच्छा. मुंबईहून निघणारी, गोवा करून लक्षद्वीपला जाणारी क्रूझ आम्ही पाच महिने आधी बुक केली. आम्ही चौघं, दोन खोल्या, मिळून १ लाख ७० हजार. विमान मात्र मी शेवटी घेतलं आणि सगळ्यात स्वस्त बघून घेतलं: गोव्यातल्या मोपा विमानतळावरून सकाळी ७.१० चं, माणशी ३,१५०. साडेआठला मुंबईत, बोटीचं दार बंद होणार साडेतीनला. सात तास हातात. मला ते भरपूर वाटले.

आदल्या रात्री ११.२० ला एसएमएस आला. 'ऑपरेशनल कारणांमुळे' उड्डाण रद्द. पर्यायी विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ चं, म्हणजे बोट सुटून गेल्यावरचं. कॉल सेंटरला चाळीस मिनिटं थांबले. दुसऱ्या कंपनीच्या सकाळच्या विमानात एकच जागा उरली होती. रात्री १ वाजता ओळखीच्या ड्रायव्हरला उठवून इनोव्हा काढली. चोर्ला घाट, बेळगाव, कोल्हापूर. कराडच्या अलीकडे-पलीकडे रस्त्याच्या कामात दोन तास गेले. मुंबईतल्या क्रूझच्या धक्क्यावर, बॅलार्ड पियरला पोचलो तेव्हा ४.२० झाले होते.

बोट समोर होती. डेकवरची माणसं दिसत होती. गेटवरच्या मुलीने कागद बघितले, आत फोन केला, आणि दोन्ही हात जोडून 'सॉरी काका' म्हणाली. बाबा काही बोलले नाहीत. क्रूझवाले बॅगेला लावायला खोली क्रमांकाची चिठ्ठी पाठवतात ना, ती बाबांनी घरी स्टेपलरने प्रत्येक बॅगेच्या मुठीला लावली होती, वरून सेलोटेप. तीच चिठ्ठी बाबा अंगठ्याने नीट करत राहिले.

विमान कंपनीने तिकिटाचे १२,६०० परत केले. क्रूझचं 'नो शो' झालं, म्हणजे प्रवासी आलेच नाहीत अशी नोंद, परत काहीच नाही. हे मला नीट कळलंच नव्हतं: बोट चुकवली विमान कंपनीने, पण तिची जबाबदारी तिच्या तिकिटापुरती. बोटीचे पैसे तिच्या हिशेबात कुठेच येत नाहीत. दोन वेगळे करार, आणि मधली सगळी जोखीम आपली.

तुम्ही क्रूझच्या आधी विमान कसं ठरवता? माझं नेमकं कुठे चुकलं ते मला समजून घ्यायचंय, कारण आम्हाला परत जायचंय.

---

बार्देशकर
वाचून पोटात तुटलं. बाबांना माझा नमस्कार सांगा. विमान कंपनी कुठली ते सांगाल का? आम्ही मार्चमध्ये जातोय.

---

फोंडेकरीण
@बार्देशकर, नाव नको. त्यानंतर मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यातल्या तिघांना तीन वेगळ्या कंपन्यांचा असाच अनुभव आलाय. नाव सांगितलं तर लोक ती कंपनी टाळतील आणि दुसऱ्या कंपनीचं त्याच सकाळचं विमान घेतील.

---

सत्तरीचा वाटसरू
एक साधा प्रश्न. ती बोट दुसऱ्या दिवशी गोव्यालाच येणार होती ना? मग इथे मुरगाव बंदरात का नाही चढलात?

---

फोंडेकरीण
हाच प्रश्न आईने परतीच्या गाडीत विचारला. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी क्रूझच्या ऑफिसला फोन केला तेव्हा सांगितलं की प्रवासी यादी बंद झाली, नावं 'नो शो' म्हणून निघाली, आता काही करता येणार नाही. लक्षद्वीपला जायला प्रवेश परवाना लागतो, त्याचीही यादी त्याच नावांवर. आदल्या रात्रीच विचारलं असतं तर? कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

तारवटी
मी एकोणीस वर्षं क्रूझ जहाजांवर काढलीत, आधी गॅलीत म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, मग हाउसकीपिंगला. घर पेडणे तालुक्यात. आतून जे बघितलं ते सांगतो.

ताई, तुमचं उत्तर त्या 'आदल्या रात्री'त आहे. प्रवासी उशिरा येणार हे जहाज सुटायच्या आधी कळलं, तर कंपनीकडे निदान विचार करायला वेळ असतो. दार बंद झाल्यावर अंतिम यादी बंदराला, इमिग्रेशनला आणि पुढच्या बंदराला जाते. त्या यादीत नाव नसलेला माणूस पुढच्या बंदरात गेटमधून आत घेणं म्हणजे सगळी परवानगी नव्याने. मी पुढच्या बंदरात चढलेले प्रवासी बघितलेत, दरवेळी त्यांनी आधीच कळवलेलं असायचं. परवानगी मिळेलच असं नाही. पण विमान रद्द झाल्याचा मेसेज आला की पहिला फोन विमान कंपनीला नाही, क्रूझच्या आणीबाणीच्या नंबरला करायचा. आणि सोबत मेल टाकायचा, वेळ दिसते म्हणून.

जहाज का थांबत नाही, याचा लोकांना राग येतो. धक्का ठरलेल्या तासांचा असतो. जहाजाला वाट दाखवणारा बंदराचा पायलट वर चढतो, जहाज ओढायला टग बोटी लागतात, त्यांच्या वेळा बांधलेल्या. एक तास उशीर झाला तर पुढच्या बंदराची वेळ गाठायला रात्रभर जास्त वेगाने जायचं, म्हणजे जास्त तेल. दोन हजार माणसं आत असताना चौघांसाठी कप्तान ते करत नाही. काही परदेशी कंपन्या विमानाचं तिकीट स्वतः काढून देतात. ते विमान चुकलं तर तुम्हाला जहाजापर्यंत पोचवायची जबाबदारी त्या घेतात. स्वतः काढलेल्या तिकिटाला ते लागू नाही.

आणि एक गोष्ट. आम्हा खलाशांना कंपनी कधीच त्या दिवशीच्या विमानाने पाठवत नाही. एक दिवस आधी, लांबचं असेल तर दोन. हॉटेलचा खर्च कंपनीचा. माणूस चुकला तर किती नुकसान होतं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

---

धावपट्टी
मी विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये होतो, आता दुसऱ्या कामात आहे. स्वस्त विमानं का रद्द होतात त्याबद्दल लिहितो, कारण 'बजेट म्हणजे बेजबाबदार' असं सरसकट म्हणणं मला पटत नाही.

स्वस्त तिकिटामागचं गणित हे, की एक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं आणि दोन फेऱ्यांमध्ये जमिनीवर अर्धा-पाऊण तासच थांबतं. सकाळी कुठे चाळीस मिनिटं गेली की संध्याकाळपर्यंत ती वाढत जातात. शेवटी वैमानिकांचे कामाचे तास संपतात आणि शेवटची फेरी रद्द होते. म्हणून दिवसातलं शेवटचं विमान सगळ्यात कच्चं आणि पहाटेचं त्यातल्या त्यात भरवशाचं. पण पहाटेचं विमान रात्री गोव्यातच मुक्कामाला असेल तरच. ते दुसऱ्या शहरातून रात्री उशिरा येऊन सकाळी निघणार असेल, तर आदल्या रात्रीचा गोंधळ तुमच्या सकाळीत येतो. ताईंच्या बाबतीत रात्री ११.२० चा मेसेज बघता असंच काही झालं असावं, हा माझा अंदाज.

दुसरं कारण म्हणजे एकाच शहराकडे जाणारी अर्धी रिकामी विमानं एकत्र करणं. गोवा–मुंबईवर दिवसभर विमानं असतात, त्यामुळे एक काढून प्रवाशांना दुसऱ्यात बसवणं सोपं. नुसतं फिरायला जाणाऱ्याला त्याचं फारसं वाटत नाही. बोट पकडणाऱ्याचं मात्र सगळं जातं.

कधीकधी तर अख्खी कंपनीच बसते. गो फर्स्ट ३ मे २०२३ पासून उडायची थांबली. मोपा विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झालेला, तिथे तिची बरीच उड्डाणं होती. सुट्टीतली तिकिटं काढून बसलेल्यांचे पैसे अडकले. आणि डिसेंबर २०२५ तर सगळ्यांना आठवत असेल. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला, एका वैमानिकाला मुभा असलेली रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली, आणि इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द. बाकीच्या कंपन्यांचे दर इतके चढले की सरकारला ६ डिसेंबरला मर्यादा घालावी लागली, ५०० किलोमीटरच्या आत ७,५०० रुपये, कर सोडून. नियम चांगल्यासाठीच होते, थकलेला वैमानिक कोणालाच नको. पण त्या आठवड्यात ज्यांची बोट होती त्यांनी काय केलं असेल याचा मी अजून विचार करतो.

गोवेकरांनी एक जास्त बघायचं. पर्यायी विमान देतात तेव्हा ते मोपाहून आहे की दाभोळीहून, ते नीट वाचा. दोन विमानतळांमध्ये साठ-सत्तर किलोमीटर आहेत. दाभोळी हा नौदलाचा तळ, धावपट्टी एकच. मुंबईकडचंही तसंच: २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झालीत. तिथे उतरलात तर बॅलार्ड पियरला अटल सेतूवरून यायचं, टॅक्सीचा हिशेब वेगळा.

---

मांडवीकाठ
धावपट्टीबाब, फार उपयोगी. पावसाळ्याचंही सांगा ना. जुलैत मोपावर उतरता न आल्याने आमचं विमान बेळगावला नेलं होतं.

---

धावपट्टी
पावसाळ्यात तसं होतंच. ढग खाली आले की घिरट्या घालून विमान बेळगाव, हैदराबाद नाहीतर बंगळूरला नेतात. तेच विमान परत तुम्हाला घेऊन जाणार असतं, त्यामुळे मोपावर थांबलेल्यांचंही उड्डाण लटकतं. मुंबईच्या क्रूझचा मुख्य हंगाम पावसाळा सरल्यावरचा, तेवढा दिलासा. पण तेव्हा डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं असतं. तिकडून येणारं विमान अडकलं की इथे स्वच्छ ऊन असूनही उड्डाण नाही.

---

पणजीची वकील
फोंडेकरीणताई, १२,६०० घेऊन गप्प बसू नका.

डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याचा नियम असा. रद्द झाल्याचं दोन आठवडे आधी कळवलं तर पर्यायी विमान किंवा परतावा. दोन आठवडे ते २४ तास या मधल्या काळात कळवलं, तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत निघणारं विमान किंवा परतावा. २४ तासांपेक्षा कमी वेळ उरला असताना कळवलं, तर परताव्याशिवाय भरपाई. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००. मात्र एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्याशी तुलना करून जी रक्कम कमी असेल ती मिळते. मोपा–मुंबई एक ते दोन तासांत येतं. तुमचं तिकीट ३,१५० चं, म्हणजे कर वजा जाता माणशी अडीच हजारांच्या आसपास. चौघांचे दहा हजार. स्वस्त तिकिटाची भरपाईही स्वस्तच, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं.

हवामान, पूर, संप, सरकारी आदेश, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. पण नुसतं 'ऑपरेशनल' हा शब्द लिहिला म्हणजे कारण हाताबाहेरचं ठरत नाही. नेमकं कारण लेखी मागा.

आणखी एक, यात खूप लोक अडकतात. बुकिंगमध्ये स्वतःचा नंबर दिला नसेल तर भरपाईचा हक्क जातो. एजंट स्वतःचा मोबाइल टाकतात, मेसेज त्यांना जातो, ते झोपलेले असतात. तिकीट हातात आलं की पहिल्यांदा नंबर आणि मेल तपासा. परताव्याची जबाबदारी मात्र एजंटमार्फत तिकीट काढलं तरी विमान कंपनीचीच.

आधी कंपनीच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला लिहा, मग एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर. क्रूझच्या पैशांसाठी ग्राहक आयोगात जाता येतं, पण तिथे सेवेत त्रुटी होती आणि नुकसान त्यामुळेच झालं हे तुम्हाला दाखवावं लागेल, आणि 'तुम्ही आदल्या दिवशी का निघाला नाहीत' हा प्रश्न समोरून नक्की येईल. वेळ जातो. मी खोटी आशा दाखवणार नाही.

---

डिचोलीची सून
सगळं बरोबर आहे, पण थोडं आमच्या बाजूनेही बघा. आदल्या दिवशी जा म्हणणं सोपं आहे. चौघांचं दक्षिण मुंबईत हॉटेल, जेवण, टॅक्सी, वर एक रजा. आम्ही वर्षभर पैसे बाजूला टाकून क्रूझ करतो. आठ-दहा हजार आणखी घातले तर क्रूझच राहून जाते. म्हणूनच त्याच सकाळचं विमान घेतो, हौस म्हणून नाही.

---

तारवटी
बाय, तुमचं म्हणणं खरं आहे. मग विमानच सोडा. मडगावहून संध्याकाळी कोकणकन्या, सकाळी सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पियर दोन किलोमीटरही नाही. गाडी चार तास लेट झाली तरी बोट मिळते. बॅगा क्लोकरूमला ठेवा, जवळच्या एखाद्या इराणी हॉटेलात चहा घ्या, जेवून बोटीवर चढा. हॉटेल नाही, रजाही नाही. क्रूझच्या दिवशीच सकाळी पोचायचं असेल तर तिथे मी विमानापेक्षा गाडीवर जास्त विश्वास ठेवीन.

---

सत्तरीचा वाटसरू
गाडीलाही मर्यादा आहेत. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे बंद पडली होती. पावसाळ्यात एक दिवस नाही, दोन दिवस हातात ठेवा.

---

मांडवीकाठ
सिंगापूरहून क्रूझ करणाऱ्यांसाठी. आम्ही दोन वर्षांमागे मोपा–बंगळूर एका कंपनीचं आणि बंगळूर–सिंगापूर दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढली होती, सात हजार वाचले म्हणून. पहिलं विमान तीन तास उशिरा निघालं. दुसऱ्या कंपनीला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि बरोबरच आहे, तिचा आमच्याशी करार बंगळूरपासूनचा. सुदैवाने आम्ही बोटीच्या दोन दिवस आधी निघालो होतो. नवी तिकिटं घेतली, पैसे गेले, बोट मिळाली.

आता एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर सगळं काढतो. एक तिकीट असेल तर पुढचं विमान चुकल्यावर सोय करणं कंपनीवर येतं. सिंगापूरचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना तेही बघा. बोट पेनांग, फुकेत करून परत सिंगापूरला येते तेव्हा तुम्ही पुन्हा देशात शिरत असता. बोट चुकून पुढच्या बंदरात गाठायची वेळ आलीच, तर त्या देशात विमानाने उतरायची कागदपत्रंही लागणार.

---

बार्देशकर
विम्याचं कोणी काही सांगेल का? तिकीट काढताना दोनशे रुपयांत मिळतो तो पुरतो?

---

पणजीची वकील
बहुतेकदा नाही. त्यात सामान, अपघात आणि ठरावीक तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर एक छोटी ठरलेली रक्कम, एवढंच असतं. तुम्हाला जी पॉलिसी हवी तिच्यात विमान रद्द झाल्यामुळे बोट चुकली तर क्रूझची आगाऊ भरलेली रक्कम मिळेल असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि विमान रद्द होण्याची कुठली कारणं मान्य आहेत तेही. काहींमध्ये फक्त हवामान आणि संप असतात. विकणाऱ्याला मेलवर विचारा: 'विमान कंपनीने ऑपरेशनल कारणाने रद्द केलं तर?' उत्तर मेलवरच घ्या. आणि क्रूझ बुक केली त्याच आठवड्यात विमा काढा. गडबडीची बातमी आल्यावर काढलेल्या विम्यात ती गडबड धरत नाहीत.

---

तारवटी
एक जुनी आठवण सांगतो, विषयाला धरूनच. मुंबईत धोबीतलावला गोवेकरांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र राहायच्या जागा आहेत. एकेका गावाची एकेक कूड. माझ्या शेजारगावचे तारवटी, म्हणजे खलाशी, जहाजावर जायच्या आधी तिथे जाऊन राहायचे. एक मोठी खोली, भिंतीशी ओळीने लोखंडी ट्रंका, जेवायला सगळे एकत्र. कोणी चार दिवस, कोणी महिनाभर. जहाजाची वाट आपण बघायची, जहाजाने आपली नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. आपली पोरं त्याच मुंबईला आता तासाभरात पोचतात, म्हणून घरातून उशिरा निघतात.

---

डिचोलीची सून
तारवटीबाब, माझे आजेसासरे अशाच एका कुडीत राहिले होते म्हणतात. गाडीचं पटलं. घरी बोलते.

---

फोंडेकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिन्याने लिहितेय, म्हणून आधी काय झालं ते सांगते. वकीलताईंच्या सांगण्यावरून कारण लेखी मागितलं. दोन मेलना उत्तर नाही. एअरसेवावर तक्रार टाकल्यावर आठ दिवसांनी चौघांचे मिळून १०,२०० आले. क्रूझवाल्यांनी पैसे दिले नाहीत, पण पुढच्या बुकिंगवर थोडी सूट द्यायचं मान्य केलं, आणि मी ते लेखी घेतलंय.

पुढच्या डिसेंबरची तीच फेरी परत बुक केली. या वेळी कोकणकन्येने दोन रात्री आधी निघणार. गिरगावात आत्या आहे, बाबांनी तिला फोनही करून टाकला. क्रूझचा आणीबाणीचा नंबर चौघांच्या फोनमध्ये आहे, आईच्या फोनमध्ये 'बोट' या नावाने.

जुन्या चिठ्ठ्या बाबांनी बॅगांवरून काढू दिलेल्या नाहीत. नव्या आल्या की काढू म्हणतात.

---

बार्देशकर
छान झालं, फार बरं वाटलं. कोकणकन्येचं आरक्षण किती दिवस आधी उघडतं? डिसेंबरात जागा मिळायची मारामार असते.

---

सत्तरीचा वाटसरू
६० दिवस. १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० चे ६० केलेत. त्यामुळे क्रूझ आधी बुक होते आणि गाडी नंतर. ताई, तुमचं आरक्षण उघडायची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी ८ ला बसा.